जळालेली जुनी बाइक परत उभी करायची की नाही, हे कसं ठरवायचं

इंदूरला रामबाग, मल्हारगंज, जुनी इंदूर या भागात अजून कितीतरी घरांत जिन्याखाली एखादी जुनी बुलेट नाहीतर येझदी झाकून ठेवलेली असते, बाबांची किंवा आजोबांची, आणि त्याच जिन्याखाली लाइटचे मीटर असतात, वर वायरींचा गुंता आणि बाजूला रद्दीचे गठ्ठे. मग कधीतरी आग लागते. आग विझली की घरात दोन मतं होतात, एक म्हणतं कबाडीला देऊन टाका आता काय राहिलंय त्यात, दुसरं म्हणतं कितीही खर्च होवो पण ही गाडी परत रस्त्यावर आणायची. दोन्ही मतं गाडीकडे लांबून बघून झालेली असतात, आणि लांबून बघून यातलं काहीच कळत नाही.

काळी पडलेली टाकी, सीटच्या नुसत्या स्प्रिंगा राहिलेल्या, टायरच्या जागी तारांची भेंडोळी, हे बघून पोटात खड्डा पडतो हे मला माहितेय. पण सीट, टायर, वायरिंग, केबली, रबरं हे सगळं जुनी गाडी रिस्टोर करताना तसंही नवीन टाकावंच लागतं, आग लागली असो नसो. उलट कधी कधी इंजिन वरून अगदी शाबूत दिसतं, कपड्याने पुसलं की काजळी निघून खाली चकचकीत धातू दिसतो, आणि ते मात्र आतून कामातून गेलेलं असतं. म्हणून खरा प्रश्न एवढाच की गाडीचा कुठला भाग किती तापला आणि किती वेळ तापलेला राहिला. हे एकदा कळलं की बाकीचा निर्णय बराच सोपा होतो.

राजवाडा १९८४ च्या दंगलीत जळला ते इथल्या मोठ्या माणसांना आठवत असेल. त्याचे खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे लाकडाचे, आग तीच पण दोघांचं नुकसान वेगळं. मोटारसायकल पण अशीच वेगवेगळ्या मालाची असते, साधं लोखंड, पाणी दिलेलं म्हणजे तापवून कडक केलेलं पोलाद, बीड म्हणजे ओतीव लोखंड, ॲल्युमिनियम, जस्त, पितळ, आणि यातला प्रत्येक जण आगीला वेगळं उत्तर देतो, म्हणून "गाडी जळली" असं एका वाक्यात कधीच बोलू नये.

आधी पहिले काही दिवस

आग विझली म्हणजे नुकसान थांबलं असं होत नाही, हे फार कमी लोकांना माहीत असतं आणि ह्याच्यामुळेच बऱ्याच वाचण्यासारख्या गाड्या जातात. वायरींवरचं पीव्हीसी जळतं तेव्हा त्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिडचा धूर निघतो आणि तो काजळीबरोबर सगळ्या धातूवर बसतो. वरून कोणी आग विझवायचा एबीसी पावडरचा सिलेंडर मारला असेल तर ती पावडर, म्हणजे मुख्यतः अमोनियम फॉस्फेट, ओलावा मिळाला की ॲल्युमिनियम आणि तांबं खायला लागते. पावसाळ्यात तर विचारूच नका, चांगलं राहिलेलं क्रोम आणि उघडा पडलेला लोखंडी भाग आठवड्याभरात गंजून लाल होतो.

तर सगळ्यात आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, खूप काढा, जवळून काढा, विम्याचा क्लेम असेल तर सर्व्हेअर बघून जाईपर्यंत गाडी जागची हलवू नका. मग पावडर कोरडी असतानाच ब्रशने, व्हॅक्यूमने काढून टाका, नंतर साबणाच्या पाण्याने भरपूर धुवा, लोखंडी भागांवर खायच्या सोड्याचं पातळ पाणी फिरवून परत स्वच्छ पाण्याने धुवा, हवा मारून कोरडी करा आणि सगळीकडे तेल लावून टाका. प्लग उघडून सिलेंडरमधे थोडं इंजिन ऑइल ओता. किक मारून बघायचा मोह होतो, घरातलं कोणीतरी मारतंच, ती मारू देऊ नका, आत पिस्टनच्या रिंगा चिकटल्या असतील किंवा राख गेली असेल तर त्या एका किकमधे ब्लॉकला ओरखडे पडतात.

मास्क आणि जाड ग्लोव्ह्ज घालूनच हे करायचं. जुन्या ब्रेक लायनरमधे ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ हवा मारून उडवायची नाही, ओली करून पुसून घ्यायची. आणि मागे कधी इंजिन उघडून व्हिटॉन नावाच्या रबराचे ऑइल सील टाकले असतील तर त्याचा जळून झालेला काळा चिकट गोळा उघड्या हाताने अजिबात धरू नका, ते रबर जळताना हायड्रोफ्लोरिक ॲसिड तयार होतं आणि ते कातडीतून आत जातं.

अजून एक, खालची राख फेकू नका, चाळून घ्या. पितळी निप्पल, टाकीचा बिल्ला, स्टडचे तुकडे, मोडका का होईना पण मूळचा ब्रॅकेट, सगळं एका डब्यात ठेवा. नवीन बनवायची वेळ आली तर तोच नमुना असतो, शिवाय जुन्या बुलेटला ब्रिटिश मापाचे आटे आहेत, जावाला मेट्रिक, आणि हातात जुना नट असला की लेथवाल्याला समजावत बसावं लागत नाही.

गाडी किती तापली हे गाडीवरच लिहिलेलं असतं

पेट्रोलच्या ज्वाळा हजार डिग्रीच्या आसपास जातात पण म्हणून गाडीचा प्रत्येक भाग हजार डिग्रीला पोचतो असं नाही, जाड धातूला तापायला वेळ लागतो आणि आग कधी पाच मिनिटांत विझते कधी तासभर धुमसते. मग तापमान कसं काढायचं तर जे वितळलं आणि जे नाही वितळलं त्याच्यावरून. केबलच्या टोकाला पितळी निप्पल झाळलेला असतो, ती झाळ साधारण १८५ ते २४० डिग्रीत सुटते, म्हणजे निप्पल जागेवर असेल तर त्या कोपऱ्यात फार काही झालेलं नाही. शिसं ३२७ ला वितळतं. जुने बरेचसे कार्ब्युरेटर जस्ताच्या मिश्रणाचे असायचे आणि ते ३८०-३९० च्या आसपास वितळतात, म्हणून जळालेल्या गाडीत कार्ब्युरेटर गायब आणि खाली फक्त पितळी जेट पडलेले हे दृश्य नेहमीचं असतं. इंजिनच्या ॲल्युमिनियमची कडा ५७० च्या पुढे घसरायला लागते, शुद्ध ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं. पितळ ९०० च्या वर. बीड साडेअकराशेच्या पुढे, म्हणून बुलेटचा आणि जावाचा बिडाचा ब्लॉक सहसा उभाच असतो आणि त्याच्यावरचं ॲल्युमिनियमचं हेड मात्र मेणासारखं ओघळलेलं असू शकतं.

ह्याच्या मधल्या तापमानासाठी उघड्या पोलादावरचे रंग बघा, ॲक्सल, किकचा शाफ्ट, एखादा पॉलिश असलेला बोल्ट. फिकट पिवळा रंग म्हणजे २२० च्या आसपास, जांभळा २८०, निळा ३०० च्या जवळ. सायलेन्सरचा बेंड निळा असला तर त्याचा काही अर्थ नाही, तो रोजच्या वापरात पण निळा होतो. पण चाकाचा ॲक्सल निळा दिसला तर बेअरिंग गेलं समजा.

सगळं एका कागदावर काढा. गाडीचं साधं चित्र आणि प्रत्येक जागी काय वितळलं काय राहिलं ते लिहायचं. असं केलं की लगेच दिसतं की आग कुठून आली, वरून पडली का खालून लागली. टाकीत पेट्रोल असेल आणि टाकी फुटली नसेल तर बऱ्याचदा टाकीवर एक आडवी रेघ दिसते, रेघेखाली रंग बऱ्यापैकी राहिलेला आणि वर पूर्ण गेलेला, कारण आतलं पेट्रोल पत्र्याची उष्णता ओढून घेतं आणि वरच्या रिकाम्या भागाला तो आधार नसतो. तसंच बुलेटचं तेल वेगळ्या टाकीत नसतं, क्रँककेसच्या म्हणजे इंजिनच्या खालच्या डब्याच्या आतच त्याची जागा आहे, त्यामुळे तेल भरलेलं असेल तर खालचा भाग जास्त वेळ तग धरतो. पण पेट्रोल गळून खाली थारोळं झालं आणि तेच जळत राहिलं असेल तर गणित उलटं होतं, वरची टाकी बरी आणि इंजिनचं पोट भाजलेलं.

सगळा खेळ क्रँककेसचा

मेकॅनिक लोक चेंबर म्हणतात तो हा भाग, इंजिनचा खालचा ॲल्युमिनियमचा डबा, दोन भागांचा. माझं मत विचाराल तर निर्णयाचा अर्ध्याहून जास्त भार ह्याच्यावर आहे आणि लोक मात्र टाकी आणि मडगार्डबद्दल बोलत बसतात.

न वितळलेला चेंबर पण खराब झालेला असू शकतो. त्याचं असं आहे की ज्या ॲल्युमिनियमला कारखान्यात हीट ट्रीटमेंट देऊन कडक केलेलं असतं ते दोनशे-अडीचशे डिग्रीच्या वर बराच वेळ राहिलं की नरम पडतं, आकार तोच, दिसणं तेच, पण ताकद गेलेली. अशा चेंबरमधे स्टड कसला की आटे उपटून हातात येतात. दुसरा त्रास बेअरिंगच्या जागेचा. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या साधारण दुप्पट फुगतं, म्हणूनच तर चेंबर थोडा गरम करून बेअरिंग बसवतात, पण आगीत ते मर्यादेच्या फार पलीकडे जातं आणि थंड होताना जागा गोल राहत नाही किंवा दोन बाजूंची बेअरिंगं एका रेषेत राहत नाहीत. मग क्रँक बसवला की तो जड फिरतो, आणि असं इंजिन चालू केलं तर ते स्वतःला खात बसतं.

तपासायचं कसं? इंजिन पूर्ण उघडून, दोन्ही भाग स्वच्छ करून, सरफेस प्लेटवर, म्हणजे एकदम सपाट पाटावर ठेवून कडेने फिलर गेज, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्या घालून बघायचं की कुठे फट आहे, सरफेस प्लेट नसेल तर जाड काच पण पहिल्या अंदाजाला चालते. मग बेअरिंगच्या जागा बोअर गेजने, म्हणजे भोकाचा आतला व्यास मोजायच्या मापाने मोजायच्या, आडव्या आणि उभ्या, फरक आला तर जागा अंडाकार झाली. मग हार्डनेस टेस्ट, ब्रिनेलची, छोटीशी गोळी ठराविक जोराने दाबून खड्डा किती पडला ते मोजतात, आणि ही दोन-तीन ठिकाणी करायची, जिथे जास्त भाजलंय तिथे आणि जिथे कमी तिथे, कारण खरी माहिती दोघांमधल्या फरकातून मिळते. आपलं नशीब चांगलं की गाड्यांच्या कारखान्यांचं पीथमपूर जवळ आहे आणि सांवेर रोडला, पोलोग्राउंडला मशीनशॉपं आहेत, गाडीच्या पार्टचं मोजमाप आणि तपासणी हे तिथल्या लोकांचं रोजचं काम आहे. तडा शोधायला लाल रंगाचा पेनिट्रंट आणि पांढरा डेव्हलपर मारतात, जिथे केसाएवढी चीर असेल तिथून पांढऱ्यावर लाल रेघ उमटते, फॅब्रिकेशनवाले वेल्डिंग तपासायला तेच वापरतात. ह्या सगळ्याचा खर्च पूर्ण रिस्टोरेशनच्या मानाने काहीच नाही, तो आधी करा, एक रुपयाचा पण पार्ट विकत घ्यायच्या आधी.

थोडी वाकडी झालेली कड घासून सपाट करता येते, ढिली झालेली बेअरिंगची जागा बुश घालून परत बोअर करता येते, उपटलेल्या आट्यांत हेलिकॉइल, म्हणजे नवीन आटे देणारी तारेची गुंडाळी बसते. पण धातूच सगळीकडे नरम पडला असेल तर थांबावं. कोणीतरी सांगेल की परत हीट ट्रीटमेंट देऊन टाकू, तर त्यासाठी तयार मशीन केलेला डबा परत पाचशे डिग्रीच्या वर न्यावा लागतो आणि तो तिथे अजून वाकडा होतो, मी तरी ह्या वाटेला कोणालाच जा म्हणणार नाही.

इंजिनच्या आतलं आणि चेसिस

गिअर, क्रँकपिन, कॅम, बेअरिंग ह्यांना पाणी दिलेलं असतं आणि ते पाणी उतरायला लाल होण्याएवढं तापावं लागत नाही, दोनशे डिग्रीच्या पुढे बेअरिंगचं पोलाद नरम पडायला सुरुवात होते. गिअरसाठी सगळ्यात स्वस्त टेस्ट म्हणजे कानस. दाताच्या कामाच्या भागावर नको, बाजूला कडेला नवीन बारीक कानस हलकी फिरवा, घसरली तर कडकपणा आहे, धातू कापायला लागली तर गेला. बेअरिंग तपासत बसू नका, सगळी नवीन घाला, ती मिळतात. स्प्रिंगा पण सगळ्या नवीन, व्हॉल्व्हच्या, क्लचच्या, पुढच्या शॉकरच्या, आगीतून गेलेली स्प्रिंग मापाला बरोबर भरली तरी तिचा भरवसा नाही. डायनॅमो, मॅग्नेटोच्या कॉइलवरचं इन्सुलेशन जळतं पण ते रिवाइंड होऊन येतं, त्याची काळजी करू नका.

चेसिसच्या बाबतीत लोक उगाच घाबरतात. जुन्या मोटारसायकलचा फ्रेम साध्या लोखंडी पाइपचा असतो, त्याला हीट ट्रीटमेंट नसतेच, त्यामुळे तापून सावकाश थंड झाला तर फार मोठं काही बिघडत नाही. बघायचं ते दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे वाकला का, लाल होईपर्यंत तापला असेल आणि इंजिनचं वजन अंगावर असेल तर मधे खचतो, हेडस्टॉकपासून, म्हणजे हँडल बसतं त्या पुढच्या नळीपासून मागच्या ॲक्सलपर्यंत दोरी ताणून दोन्ही बाजू मोजल्या की कळतं. दुसरं म्हणजे पापुद्रे, फार तापलेल्या लोखंडावर काळी खपली येते आणि ती निघते तेव्हा पाइपची जाडी पण कमी करून जाते, तेव्हा सँडब्लास्ट करून नीट बघा. काही जुन्या फ्रेममधे जोड ब्रेझिंगचे, म्हणजे पितळ ओतून जोडलेले असतात ते वेगळे तपासून घ्या. आणि सँडब्लास्ट फक्त फ्रेम आणि पत्र्याचा, इंजिनच्या डब्याला वाळू मारू देऊ नका, तेलाच्या बारीक वाटांमधे अडकलेले कण नंतर क्रँकपर्यंत जातात.

इथे एक गोष्ट मी अगदी कळकळीने सांगतो. स्पोक, ॲक्सल, हँडल, पुढच्या शॉकरचे पाइप, ब्रेकचे रॉड आणि त्यांचे बोल्ट, हे मूळचे आहेत म्हणून जपायचे नाहीत. स्पोकची तार थंड ओढून ताकदवान केलेली असते, ती ताकद आगीत निघून जाते आणि तार दिसायला तशीच राहते. पुढचं चाक चालत्या गाडीत बसलं तर खाली माणूस असतो. बाबांच्या गाडीचे मूळ स्पोक काढून कपाटात ठेवा, पण चालवायला नवीन घाला. पेट्रोलच्या टाकीचं पण तसंच, टाकीचा जोड उघडला असेल आणि वेल्डिंग लागणार असेल तर जळालेली टाकी म्हणजे आत वाफ नाही असं कोणीच समजू नये, पूर्ण धुवून, वाफ काढूनच वेल्डिंग, आणि ते काम ज्याला टाकीचं माहीत आहे त्यानेच करायचं.

नंबर आणि कागद

हा भाग लोक शेवटी बघतात आणि तिथेच अडकतात. चेसिस नंबर हेडस्टॉकपाशी असतो आणि इंजिन नंबर चेंबरवर ठोकलेला असतो, म्हणजे चेंबर गेला की गाडीची निम्मी ओळखच गेली. आग ठोकलेला नंबर सहसा पुसत नाही, तो पुसते ग्राइंडर, सँडब्लास्ट आणि लांबी भरणारा पेंटर. म्हणून सफाईच्या आधी नंबरचा फोटो आणि पेन्सिलने कागदावर प्रिंट घेऊन ठेवा, जसा आरटीओत घेतात तसा, आणि ब्लास्टिंगला देताना तेवढ्या जागेवर जाड टेप लावून द्या.

दुसरा चेंबर घालायचा असेल तर तो बिलासकट घ्या, शक्य असेल तर त्याच्या मूळ गाडीच्या कागदासकट, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलाची नोंद आरसीवर म्हणजे रजिस्ट्रेशनच्या कागदावर करून घ्या, त्यासाठी नायता मुंडल्याच्या आरटीओच्या चकरा होतील, त्या करा. जुना नंबर नवीन चेंबरवर गल्लीतल्या कोणाकडून ठोकून घेणं हा गुन्हा आहे, कितीही लोक करत असले तरी. गाडी अजून वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर आधी फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्या, त्याच्याशिवाय पुढचं काहीच सरकत नाही.

जुलै २०२१ पासून विंटेज गाड्यांसाठी वेगळा नियम आहे. पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात असेल, चेसिस, बॉडी, इंजिनमधे मोठी फेरफार नसेल तर तिला व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नवीन रजिस्ट्रेशनची फी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, नंतर रिन्यूअल ५,०००. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला एवढंच. ह्याचा आपल्या निर्णयाशी थेट संबंध आहे, कारण दुसऱ्या गाडीचा फ्रेम आणि तिसरीचं इंजिन घालून उभी केलेली बाइक "मूळ रूपात" आहे हे तपासणाऱ्या कमिटीला पटवणं कठीण. व्हीए नंबरचं मनात असेल तर मूळ चेसिस आणि मूळ चेंबर दोन्ही वाचतायत का हे आधी बघा.

विम्याचं थोडक्यात, फक्त थर्ड पार्टी असेल तर आगीचे पैसे मिळत नाहीत, आणि पूर्ण विमा असेल तर दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की ते टोटल लॉस धरतात. जुन्या गाडीची आयडीव्ही इतकी कमी असते की हे जवळपास ठरलेलंच. टोटल लॉसमधे गाडीचा सांगाडा कोणाकडे राहणार हे सही करायच्या आधी विचारा, नाहीतर पैसे थोडे येतात आणि गाडी पण जाते.

आता पैशाचं बोलू

गाडी कुठली आहे ह्याच्यावर खूप आहे. बिडाच्या इंजिनची बुलेट ३५० सगळ्यात सोपी, मद्रासला १९५५ पासून ती बनायला लागली आणि तिचा ढाचा दशकानुदशकं जवळपास तोच राहिला, त्यामुळे पार्ट मिळतात, शिकलेले मिस्त्री मिळतात. जावा-येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला, पण तिचे वेडे लोक इतके आहेत, जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा डे ला गावोगावी गाड्या काढतात, की विचारत गेलं तर बरंचसं मिळतं. राजदूत ३५० म्हणजे यामाहाची आरडी, ती आपल्याकडे १९८३ पासून थोडीच वर्षं बनली, तिचा चेंबर वितळला असेल तर दुसरा मिळेपर्यंत धीर लागतो आणि किंमत पण लागते.

हिशेब असा करा. जळालं म्हणून लागणारा खर्च एकीकडे, आणि गाडी जुनी म्हणून आज ना उद्या लागणारच होता तो खर्च दुसरीकडे. मग तेच मॉडेल चालू कंडिशनमधे कागदासकट कितीला मिळतं ते तीन-चार ठिकाणी विचारा. आपला आकडा त्याच्या आत असेल तर प्रश्नच नाही, करा. त्याच्या वर जात असेल तर वरचे जे पैसे आहेत ते आठवणीचे पैसे आहेत, आणि त्यात काही चूक नाही, माणूस घरच्या वस्तूसाठी खर्च करतोच, फक्त ते घरात उघड बोलून ठरवा, "विकली तर वसूल होईल" असं सांगून बायकोला किंवा भावाला गळ घालू नका, कारण आगीतून गेलेली गाडी विकताना ते गिऱ्हाइकाला सांगावंच लागतं आणि किंमत पडते.

मोठमोठ्या संग्रहांना पण हाच हिशेब करावा लागलाय. इंग्लंडमधे बर्मिंगहॅमजवळच्या नॅशनल मोटरसायकल म्युझियमला सप्टेंबर २००३ मधे आग लागली आणि सुमारे ३८० गाड्या त्यात जळाल्या, पुढच्या वर्षी डिसेंबरमधे म्युझियम परत उघडलं आणि बऱ्याच गाड्या परत उभ्या पण केल्या. पण त्यांच्याकडे एकेक गाडी अशी होती की जगात तशा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या, शिवाय पैसा, कारागीर आणि ओळखी होत्या. ऑस्ट्रियात डोंगरातल्या टॉप माउंटन म्युझियममधे जानेवारी २०२१ ला दोनशेहून जास्त मोटारसायकली जळाल्या, आणि त्यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमधे म्युझियम परत उघडलं. एका जळालेल्या गाडीवर आपण किती वर्षं आणि किती पैसे घालणार हे गाडी किती दुर्मिळ आहे ह्याच्याशी जोडून बघा. बुलेट लाखांनी बनल्या, तुमची गाडी दुर्मिळ नाही, तुमच्या घरासाठी मोलाची आहे, आणि ह्या दोन गोष्टींचे पैसे वेगळे मोजायला पाहिजेत.

माझं स्वतःचं माप सांगतो. चेसिस सरळ आणि नंबर वाचता येतो, चेंबर कडक आणि सपाट किंवा दुरुस्त होण्यासारखा, कागद घरच्यांच्या नावावर होण्यासारखे, ह्या तिन्ही गोष्टी असतील तर बाकी कितीही भयंकर दिसो, गाडी उभी करावी. तिन्हीतली एक नसेल तर पैशाचं आणि वेळेचं नीट बघून ठरवावं. दोन नसतील तर सोडावी. चेसिस आणि चेंबर दोन्ही दुसरे घालून जी उभी राहील ती बाबांची गाडी आहे असं मनाला समजावणं जड जाईल, त्यापेक्षा तेवढ्या पैशात एक चांगली चालू गाडी घ्या आणि बाबांच्या गाडीची टाकी, बिल्ला, किकचा शाफ्ट, जे काही बसण्यासारखं आणि सुरक्षित असेल ते तिच्यावर चढवा.

अर्धवट वाट पण आहे. चालवायचीच नसेल तर सफाई करून, गंज थांबवून, वॅक्स लावून आहे तशी ठेवता येते, त्याला इंजिन उघडायची पण गरज नाही आणि पुढे कोणाच्या मनात आलं तर दार बंद झालेलं नसतं.

आणि सोडायची ठरली तर एक गोष्ट विसरू नका. गाडी कायमची निकामी झाली असेल तर कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. दुरुस्तीचा खरंच विचार असेल तर घाईने रजिस्ट्रेशन रद्द करून बसू नका, ते परत मिळवणं फार कठीण, पण नाही करायची हे पक्कं झालं की मग टाळू नका. कबाडी गाडी उचलायला येतो तेव्हा आरसी पण मागतो, दोन पैसे जास्त देतो म्हणतो. देऊ नका. नंबर असलेला चेसिसचा तुकडा आणि चालू आरसी एकत्र गेली की त्या नंबरावर चोरीची गाडी फिरू शकते आणि पोलीस विचारत येतात ते तुमच्या घरी. आरसी आधी जमा करा, पावती घ्या, आणि मगच चेसिस बाहेर जाऊ द्या.